भिंतीपर्यंतचा फोन
चार्जरचं प्लास्टिक तापलं की त्या वासानं मला अजून भिलाईजवळचं आमचं बोरसीचं घर आठवतं. बाबा गेलेले, मी नोकरीला पुण्यात आणि आई तिथं एकटी. दर रविवारी मी शेजारच्या काकूंकडे फोन करायचो, त्या भिंतीवरून हाक मारायच्या आणि आई हातातलं काम टाकून धावायची. ती धावपळ थांबावी म्हणून घरी फोनची लाइन आल्याबरोबर मी कॉर्डलेस घेऊन गेलो. रात्रभर चार्ज केला आणि सकाळी तिच्या हातात देऊन म्हणालो, "चालत जा, आवाज कुठवर येते पाह्य." टोन ऐकत ती तुळशीपाशी गेली, मग पेरूखाली, भिंतीजवळ नुसती खरखर उरली. पलीकडून काकू हसल्या, "लागला का फोन? आता तुमी कायले येता इकडे!" आईही हसली. मी निघालो तेव्हा मात्र रिक्षापाशी तिनं माझा हात धरला. "रविवारी तू काकूकडेच फोन करत जा." "कावून? घरी आहे न आता!" "त्यायनं हाक मारली तं जाणं होते, चाय होते, दोन गोष्टी होतात. इथं तू फोन ठेवला, का मंग पुन्हा मी एकटीच." मग मी काकूंकडेच करत राहिलो. आता आई नाही, काकूही नाहीत. फोन माझ्या खिशात असतो, घरभर नीट लागतो. तरी रविवारी कुणी हाक मारेल म्हणून माझे कान दाराकडे असतात.