मावशीचा ळ

आमच्या राजेंद्र नगरात 'ळ' चुकवून कुणाला सुखानं जगता येत नसे, कारण आमच्या शेजारी मावशी राहायची. शाळेत मराठी शिकवून ती निवृत्त झाली, पण तपासणी काही थांबली नाही. कॉलनीनं तिचं नावच ळ-मावशी ठेवलं होतं.

आम्ही इंदूरचे मराठी. घरात मराठी, गल्लीत हिंदी. माझं आडनाव काळे, पण शाळेपासून मी स्वतःला 'काले' म्हणत आले. मावशी कपाळावर हात मारून घेई. "अगं, स्वतःचं आडनाव तरी नीट घे! जीभ उचल, टाळूला लाव."

"मावशी, चलता है ना!"

"चलत नाही," ती म्हणे, "आणि चालतही नाही."

एवढं रागावून झालं की हाताला धरून आत नेई आणि पोहे खाऊ घाली. त्यावर जिरावन मसाला भुरभुरताना मात्र ती पक्की इंदुरी असे.

त्या दिवशी कचरा गाडी आली तेव्हा आम्ही दोघी फाटकाशी होतो. "मावशी, आज सकाली पाणी आलं का?" मी विचारलं. "सकाळी!" ती गरजली. गाडीवाला भियासुद्धा दचकला. मी हसत आत गेले.

थोड्या वेळानं तिचा डबा परत द्यायला गेले. मावशी टेबलावरची केळ्यांची फणी माझ्यापुढे करत म्हणाली, "केली घे."

मावशीच्या यजमानांनी, काकांनी, पेपर टाकून टाळ्याच पिटल्या. "लो भिया! जिंदगीभर इंदूरला सुधारलं, आज खुद इंदुरी झाली!"

मावशीही हसली. पण हसली ती ओठांची एकच बाजू. मला काही हसू येईना. इंदूर उलथंपालथं झालं असतं तरी मावशीचा ळ घसरला नसता. "मावशी, दोन्ही हात वर कर बघू," मी म्हणाले. डावा हात अर्ध्यावर गेला आणि हळूहळू खाली आला.

"गॅस चढला असेल," काका गडबडले. "लिंबूपाणी देतो, जरा लेटू दे, आराम पडेल."

माझे बाबाही असेच 'जरा पडतो' म्हणून पडले होते. त्यानंतर ते एक शब्दही बोलले नाहीत. "काका, काहीही पाजू नका, हा लकवा आहे," मी ओरडले आणि अँब्युलन्सला फोन लावला. वाटेतल्या पलासिया चौकातल्या ट्रॅफिकला त्या दिवशी मी मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या, ते मावशीला सांगण्यासारखं नाही.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "ये आखिरी बार बिल्कुल ठीक कब थीं?"

काका नुसतेच रडत होते. मी म्हणाले, "आठ बजे. कचरा गाडी आई थी. इन्होंने मुझे टोका था, ज़बान एकदम साफ थी."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. मेंदूचा स्कॅन झाला, रक्तस्राव नव्हता. वेळ नक्की ठाऊक होती आणि हातात होती, म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं. माझ्या चुकीच्या 'सकाली'नं मावशीला वाचवलं, असं काका अजून सांगतात.

हात लवकर सुधारला. ळ काही येईना. मावशी आरशासमोर बसून 'काला कावला' घोकायची आणि मग डोळे पुसायची. ते बघवत नसे. एकदा तिला जवळ घेऊन मी म्हटलं, "मावशी, चलता है ना."

तिनं मला दूर सारलं. "च-लत ना-ही," ती एकेक अक्षर ओढत म्हणाली. त्या दिवशी मला वाटलं, ही येणार परत.

पुढे त्यांच्या मुलानं दोघांना पुण्याला नेलं. शेजारचं घर आता बंद असतं. तिच्याजवळ बसून घोकता घोकता माझाही ळ सुधारला, पण हे मी तिला सांगितलेलं नाही. रोज फोन लावते आणि म्हणते, "मावशी, सकाली सकाली त्रास देते हं." मग पलीकडून आवाज येईपर्यंत जीव मुठीत धरून थांबते.

"सकाळी!" ती ओरडते. "काळे, तू कधी सुधारणार गं?"