तात्यासाहेबांची विलायती गाडी आणि सरूबाईंचा सतरावा सोमवार

गारखेड्यात तात्यासाहेबांचं आडनाव कुणाला ठाऊक नाही. ‘फटफटीवाले तात्या’ म्हटलं की शेजारीपाजारी घर दाखवतात, अन् दाखवताना तोंड फिरवून हसतात.

बिडकीनकडची जमीन कारखान्यांसाठी गेली आणि तात्यासाहेबांच्या हाताला काम उरलं नाही. तेव्हा सिल्लोडच्या एका म्हाताऱ्या वकिलाच्या गोठ्यात पडलेली सत्तर वर्षांमागची विलायती मोटारसायकल त्यांनी टेम्पोत घालून आणली. त्या दिवसापासून हा माणूस साहेब झाला. भर उन्हाळ्यात कातडी जाकीट घालायचा आणि घामोळ्यावर सरूबाईंकडून चंदन लावून घ्यायचा. सकाळी पिवळं फडकं घेऊन गाडी पुसायला बसायचा, तो टाकीच्या चकाकीत आपल्या मिशा न्याहाळत नऊ वाजवायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायचं, “हिचा गिअर उजव्या पायाला अन् ब्रेक डाव्या. ऐऱ्यागैऱ्याचं काम नाय!” ऐकणारा मान डोलवायचा. गाडी चौकापर्यंत गेलेली मात्र फार कुणी पाहिली नव्हती.

गाडीला माणसाची पारख असावी. आषाढात तात्यासाहेबांनी किक मारली आणि किकनं उलट त्यांनाच मारलं. उजव्या नडगीचं हाड मोडलं. तीन महिने प्लास्टर, काठी आणि घरात बसून आरडाओरडा. सरूबाईंनी श्रावणाच्या पहिल्या सोमवारी महादेवाला हात जोडले आणि नवऱ्याच्या पायासाठी सोळा सोमवार धरले. सतराव्या सोमवारी वेरूळला घृष्णेश्वरापुढं चुरमा ठेवून उद्यापन करायचं, तेही बाराच्या आत, असं त्या देवाला बोलून बसल्या. सोळा सोमवार त्यांनी कडक पाळले. दिवाळीनंतर पाय बरा झाला.

पाय बरा झाल्यावर तात्यासाहेबांना पहिली आठवण देवाची झाली नाही, गाडीची झाली.

“माझ्या पायाचं व्रत हाय ना? मग माझ्याच गाडीवर जायचं. शेअर रिक्षातून गेल्यावर देवाला काय वाटंल?”

“देवाला काय वाटायचंय? बाराच्या आत पोचलं म्हंजे झालं. एसटीनं जाऊ.”

“एसटीनं! लोक काय म्हणतील?”

लोक काय म्हणतात ते सरूबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्या चुरम्याचे गहू निवडायला बसल्या.

सोमवारी पहाटे उठून त्यांनी गव्हाचा चुरमा केला, डब्यात भरला, नवी मोतिया साडी नेसल्या आणि सातला दारात येऊन उभ्या राहिल्या. तात्यासाहेब सीटखालच्या इंजिन-तेलाच्या टाकीत वाकून बघत होते. गाडी दसऱ्याच्या पूजेपासून जागची हलली नव्हती.

“च्यायला, तेल पार आटलं की!” म्हणत त्यांनी तेलाचा डबा उघडला.

शहागंजचा मिस्त्री दसऱ्याला येऊन गेला, तेव्हा चहा द्यायला सरूबाईच उभ्या होत्या. त्यानं दहादा बजावलं होतं, “साब, गाडी खडी रही तो तेल आटता नै, नीचे इंजिन में उतर जाता. पैले चालू करनेका, चार मिनिट रुकनेका, तेल वापस उप्पर आता. फिर देखनेका.” तात्यासाहेब तेव्हा मान हलवत होते, कारण समोर शेजारी उभा होता.

“अहो, आधी चालू करा. मिस्त्री काय म्हणला व्हता?”

“तो पंक्चर काढणारा मला शिकवतो व्हय? अन् तू? तू तुझा चुरमा बघ.”

आणि त्यांनी टाकी गळ्यापर्यंत भरली.

किक मारता मारता साडेनऊ वाजले. गाडी सुरू झाली तेव्हा गल्लीतली कुत्री पळाली. निघाले. चौकापर्यंत ठीक होतं. मग खाली उतरलेलं तेल वर आलं, आणि वरती जागाच नव्हती. आधी पांढरा धूर, मग सीटखालून फेस. दौलताबाद ओलांडलं तेव्हा मागचं चाक तेलानं न्हालं होतं आणि मोतिया साडीचा निम्मा घेर काळा पडला होता. चाक एकदा सटकलं. सरूबाईंनी डबा छातीशी धरून ‘शंभो’ म्हटलं. घाटाच्या अलीकडं गाडी आचके देऊन थांबली.

पावणेअकरा.

किल्ला बघायला आलेली पाच-सात पोरं धावत आली. “काका, कसली भारी गाडी! फोटो काढू?”

आणि तात्यासाहेबांनी खिशातून कंगवा काढला.

सरूबाई बघत राहिल्या. बायको तेलात माखलेली, व्रताला सव्वा तास उरलेला, आणि हा माणूस एक पाय फूटरेस्टवर ठेवून भांग पाडतोय. वर पोरांना सांगतोय, “विलायती जनावर हाय. नखरे करायचंच.”

त्यांनी हात केला. खुलताबादकडं जाणारी काळीपिवळी जीप थांबली.

“अगं कुठं निघाली? धा मिन्टं थांब! थंड झाली की चालू व्हती!”

“तुमच्या पायासाठी सोळा सोमवार केले,” सरूबाई जीपमध्ये चढत म्हणाल्या. “पाय बरा झाला. आता ढकला त्याच पायानं.”

पोरं फिदीफिदी हसली. जीपवाल्यानंही गिअर टाकता टाकता हसून घेतलं.

खुलताबादला दुसरी जीप मिळाली. वेरूळला रांग होती. एका म्हातारीनं काळा घेर बघितला आणि त्यांना पुढं घेतलं. बाराला सात मिनिटं असताना चुरमा देवापुढं गेला.

“कुणाच्या नावानं, बाई?” गुरुजींनी विचारलं.

सरूबाईंनी नवऱ्याचं नाव सांगितलं, गोत्रासकट. शब्द देवाला दिला होता. तो पाळताना माणसाची लायकी बघत बसलं तर कुठल्याच बाईचं व्रत पुरं व्हायचं नाही.

बाहेर येऊन त्या पायरीवर बसल्या. चुरम्याचा एक वाटा देवाचा, एक वाटून टाकला. उरला तो घरचा. पर्समध्ये फोन वाजला. नाव बघून त्यांनी तो वाजू दिला.

बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याआधी घास घेतला नव्हता. आज घेतला. पोटभर घेतला.