शंका आली की सोडायची

लॅबमध्ये त्याला चिक्कूशेठ म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मेंदूतल्या गाठीचा पातळ काप काचपट्टीवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि रोगाशी लढणाऱ्या पेशी त्यात किती शिरल्यात ते मोजायचं, हे त्याचं बावीस वर्षांचं काम. रंग दिला की त्या पेशी तपकिरी दिसतात. पण दिसली म्हणून हा गडी मोजेल तर शपथ. कडा पुसट? सोड. दोघी एकमेकींवर चढल्यात? एकच धर. शंका आली की सोडायची, हा त्याचा बाणा. बायको म्हणायची, बरं झालं आमची जुळी मोजायला नर्स होती, यांनी मोजली असती तर एकच घरी आलं असतं.

शेजारच्या खुर्चीवर दुसऱ्या मोजणाऱ्या बाई. त्यांचा हात सढळ. प्रत्येक पट्टी दोघांनी वेगवेगळी मोजायची, एकमेकांचा आकडा न बघता, असा नियम. बाईंचे साठ तर याचे पन्नास, हे ठरलेलं. मग एकेका ठिपक्यावरून दोघं अशी भांडायची, की नव्या माणसाला वाटावं बांधाचा वाद चाललाय.

आणि एक दिवस त्याच्या थोरल्या बहिणीच्याच डोक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. ताई मुळात फटकळ. जरा बरं वाटल्यावर तिनं भावाला समोर बसवून सगळं समजावून घेतलं. त्यानं सांगितलं, की लढणाऱ्या पेशी गाठीत जास्त शिरल्या असतील तर माणसं बहुधा जास्त जगलेली दिसतात. बहुधा, नेहमीच नाही. शिवाय काही पेशी घरभेदी निघतात, येतात लढायला आणि गाठीचीच चाकरी करत बसतात. म्हणजे आमच्या धाकट्या जाऊबाई, असं ताई म्हणाली. मग बँडेज चाचपत तिनं बजावलं, की डॉक्टर गोड बोलतात, घरचे रडतात, तेव्हा आकडा मला तूच सांग, तू कधी वाढवून सांगत नाहीस.

पट्टीवर नाव नसतं, नंबर असतो. पण त्या आठवड्यात मेंदूचं ऑपरेशन एकच झालेलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? नात्यातलं माणूस असेल तर मोजणाऱ्यानं उठायचं, हे नव्यांना शिकवणारा हाच. पण तो उठला नाही. आपला हात मुळातच आखडता, आपल्याकडून कसला पक्षपात होतोय, असं स्वतःला समजावून बसला मोजायला.

ही कडा पुसट आहे, पण पेशीच आहे. या एकमेकींवर चढल्यात, पण दोन आहेत. तो कोपऱ्यातला रंगाचा डाग? डाग कधी इतका गोल असतो होय? माणसाचं मन मोठं लबाड असतं बघा. हा शंकेखोर गृहस्थ त्या सकाळी ठिपक्याठिपक्याची वकिली करत होता, आणि आपण नेहमीसारखंच काटेकोर मोजतोय अशी त्याची पक्की खात्री होती. आकडा आला चौऱ्याण्णव. बाईंचा आला एकसष्ट.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि चष्मा काढला. दोघांच्या सोबतीच्या बारा वर्षांत याचा आकडा त्यांच्यावर कधी गेला नव्हता. आता भांडणार म्हणून तो कंबर कसून बसला.

"कोण आहे तुमचं?" बाईंनी हळूच विचारलं.

"ताई," एवढंच तो म्हणाला आणि ढसाढसा रडला.

बाईंनी त्याला पाणी दिलं, खुर्चीवरून उठवलं आणि तिसरी मोजणी दुसऱ्या विभागातल्या माणसाकडून करून घेतली. एकोणसाठ. रिपोर्टात या दोघांची सरासरी साठ गेली. त्यानं आपल्या आकड्यावर काट मारली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, मोजणारा रुग्णाचा भाऊ.

संध्याकाळी तो ताईकडे गेला. साठ, म्हणजे मधलाच आकडा, त्यावरून कुणाही एका माणसाचं काही ठरत नाही, असं त्यानं सांगितलं. ताईचा चेहरा मात्र उजळला.

"तुझ्या चिकट हातानं साठ," ती म्हणाली, "म्हणजे खरे नव्वद तरी असतील."

गप्प बसला असता तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण त्याला ते जमेना.

"ते साठ मी नाही मोजले, ताई. मी मोजले तेव्हा चौऱ्याण्णव आले."

ताईनं त्याचा हात ओढून आपल्या हातात घेतला.

"चौतीस वाढवलेस?" ती म्हणाली. "लहानपणी खोडरबराचा तुकडा कधी दिला नाहीस मला."