तिच्या घोळीच्या कुंड्या

कोल्हापुरात मी पीएचडी करत होते तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावर शिरोळकडची एक पोरगी होती. तिच्या घरचं निम्मं रान खारं झालेलं. विषय दोघींचा एकच: खाऱ्या पाण्यावर घोळ कशी तगते. तीच हो, भाजीची घोळ! सासूबाई म्हणायच्या, "ह्येच्यासाठी एवढं शिकायचं?" पण तिच्या कुंड्या तरारलेल्या आणि माझ्या माना टाकलेल्या.

कारण मला ठाऊक होतं. मला मेलीला घाई. पहिल्याच दिवशी सगळं मीठ ओतून मोकळी झाले. ती रोज थोडं थोडं वाढवायची. "सवय लागू द्यावी लागतीय की," म्हणायची. तिची पानं जाडजूड झाली. रोप जास्तीचं मीठ जुन्या पानांत भरून ती पानं गाळायचं आणि शेंड्याला नवी फुटायची. आमचे सर तिच्या कुंडीपाशी थांबून म्हणाले, "याला म्हणतात काम!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं कशाला बोलू, तिचं वाटोळं व्हावं असं मला मनापासून वाटलं.

रविवारी सगळ्यांच्या कुंड्यांना ज्याचं त्यानं बनवून ठेवलेलं पाणी घालायचं काम आम्ही आळीपाळीनं करायचो. त्या रविवारी मी होते. तिच्या कुंड्यांत मी दुप्पट मिठाचं पाणी घातलं.

सोमवारी खालची पानं झडून मातीवर पडलेली, शेंडे मात्र ताठ. ती पानं वेचत सरांना म्हणाली, "माझंच पाणी बनवताना चुकलं असणार." सर सगळ्यांसमोर तिला बोलले. सगळा प्रयोग पहिल्यापासून करायला लावला. मी वहीत डोकं घालून बसले.

संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी आली. "तुझी रोपं गेल्यात न्हवं? ह्ये शेंडे खुडून लाव. मिठाला सरावल्यात, मरायची न्हाईत."

तिचा तो चांगुलपणाही मला सोसला नाही. शेंडे मात्र घेतले. ते जगले, आणि माझी पदवी तिच्या वर्षभर आधी झाली.

प्रबंधाच्या आभारात मी तिचं नाव सगळ्यात वर टाकलं. ते वाचून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढं काय केलं गं मी?" म्हणाली.

तेव्हाही मी सांगितलं नाही.