कलासक्त काव्याच्या शोधात गंजाडला

मुंबईतल्या एका संग्रहालयाची वेबसाइट मी सांभाळते. २०१८च्या हिवाळ्यात आमच्या संचालक मॅडमच्या लक्षात आलं, की आमचं वारली चित्रांचं पान सर्वाधिक उघडतं ते डहाणू-तलासरीकडून. लगेच मीटिंग झाली, सामोसे आले आणि आमची वेबसाइट बघणारी बाई कशी असेल, हे एसीत बसूनच ठरलं. नाव काव्या, कलासक्त, हातात टॅबलेट, कॉफीची आवड. "जा, भेटून ये तिला," मॅडम म्हणाल्या. मला काय, ऑफिसच्या खर्चाने सहल!

डहाणू रोडला उतरून स्टेशनबाहेर वडापाव हाणला आणि तलासरीची एसटी पकडली. कोणाला जायचं असेल तर पाणी जवळ ठेवा, बस आपल्या मर्जीने येते. तलासरीत एक मास्तर भेटले. मुलांची सहल आणायची म्हणून त्यांनी आमची साइट अनेकदा चाळली होती.

"तुमची ध्येयधोरणं पाठ झाली मॅडम. सोमवारी बंद असतं का, तेवढं सांगा."

बंद असतं, म्हटलं. त्यांनीच पुढचा पत्ता दिला, "चित्रांचं म्हणत असाल तर गंजाडला लखमीमावशीकडे जा. तिचा अख्खा पाडा तेच बघतो."

दुसऱ्या दिवशी विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला हायवेवरूनच हात जोडले आणि रिक्षा बदलत गंजाड गाठलं. मावशीच्या नातीचं लग्न तोंडावर आलं होतं. गेरूच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढत होत्या. मधली पालघट देवीची जागा मात्र कोरी होती. मावशीने फुटक्या काचेचा मोबाइल पुढे केला. त्यावर आमचंच पान होतं.

"ह्यो माझ्या आयेचा चौक. ती गेली. नातीला तिच्यासारखीच देवी पायजे. पन देवीवर ह्ये काय बसलंय?"

देवीवर आमचा लोगो बसला होता. चित्र कोणी चोरू नये म्हणून आम्हीच छापलेला, ऐन मधोमध. पाड्यातल्या बायका आपापल्या फोनवर त्याच्या मागे डोकावायला बघत होत्या. आमच्या पानावरची गर्दी ती हीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लोगोशिवायचा फोटो मिळावा म्हणून मॅडमना फोन केला. "अर्ज करायला सांग. काव्या भेटली का?"

मग संग्रहालयाच्या कोठारातल्या सावंतकाकांना फोनवर गाठलं. त्यांनी मूळ चित्राचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. मावशी तो कितीतरी वेळ बघत राहिली, मग सवाशिणींना एकेक रेघ दाखवू लागली. देवी पुरी झाल्यावर मावशीने तिच्यावर कपडा टाकला.

"लग्नात भगत पूजा घालून काढील कपडा. तवाच बघायची."

नाचणीची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि पिशवीभर चिकू घेऊन मी परतले. लोगो देवीवरून हटवा, असं अहवालात ठळक अक्षरांत लिहिलं. मावशीने पाठवलेला लग्नाचा फोटोही जोडला. भिंतीवर देवी मोकळी, शेजारी हळदीची नवरी. तो बघताना माझे डोळे भरून आले होते.

मॅडमना फोटो फारच आवडला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो आमच्या नेहमीच्या पद्धतीने साइटवर लावला.

संध्याकाळी मावशीचा फोन आला.

"पोरी, आमच्या भगतानं कपडा काढला. तू परत टाकलास व्हय? तुमच्याकडं भगत नाय का कोनी?"