खोलीत कुणीतरी असावं

सत्तर सालच्या आसपास घाटकोपरला आमच्या भाडेकरू संघाचं काम करणाऱ्या एक बाई होत्या. कुणी भाडेकरू गावी किंवा इस्पितळात गेला, की खोली बंद असते असं कोर्टात दाखवून मालक ती रिकामी करून घ्यायचा. म्हणून या बाई त्या खोलीत जाऊन राहत. स्टोव्ह पेटवत, वळणीवर लुगडी वाळत घालत. बोलत फार कमी, पण समोरच्याकडे असं टक लावून बघत, की माणूस अवघडून जाई.

आजारी आईला घेऊन मी गावी निघालो, तेव्हा त्या तासभर तिच्या उशाशी बसल्या. मग किल्ली मागून घेतली.

चार महिन्यांनी मी एकटाच परतलो. मालकाचा माणूस आमच्या दाराशी उभा होता.

"आजी, आहात ना घरात?"

आतून आईचा खोकला आला. दोनदा कोरडा, मग लांब उसासा. तो माणूस निघून गेला. मी दार वाजवलं. आईला मी माझ्या हातांनी अग्नी दिला होता.

बाईंनी दार उघडलं. "मी खोटं नाही बोलले रे," त्या म्हणाल्या. "नुसती खोकले."

"आई गेली," मी म्हणालो.

त्यांनी मला आत घेऊन बसवलं. मग म्हणाल्या, "उद्या वकिलांकडे ये. खोली तुझ्या नावावर करायचा अर्ज देऊ."

त्या निघाल्या तेव्हा मी विचारलं, "जायच्या आधी एकदा खोकाल?"

त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी बाहेर गेलो आणि दार ओढून घेतलं.