तळघरानं उतरवलेली पट्टी

वाद्यवृंदात सगळे त्याला ‘तळघर’ म्हणत. नाव ड्रमरनं ठेवलेलं. “तू आहेस हे वरच्या मजल्यावर कुणाला कळत नाही, पण तू नसलास की इमारत खचते,” असं त्याचं म्हणणं. आई मात्र रेडिओला कान लावून विचारायची, “यात तू कुठे आहेस रे?”

“फडताळातली भांडी थरथरली की समज, मी आलो.”

तेव्हापासून लेकाचं गाणं लागलं की माउली रेडिओकडे पाठ करून फडताळाकडे बघत बसायची.

खर्जात घुमणारी ती बेस गिटार त्यानं कुठे वाजवली नाही? सकाळी टूथपेस्टच्या जाहिरातीत, दुपारी सिनेमातल्या रडक्या गाण्यात, संध्याकाळी बालनाट्यातल्या अस्वलाच्या पावलांना. अस्वलानं सगळ्यात जास्त छळलं. आतला नट दर प्रयोगाला वेगळाच चालायचा. पण ज्याच्या त्याच्या चालीनं चालणं, हाच तर तळघराचा धंदा. चुकला तो एकदाच. तरुणपणी तालमीत, चारचौघांत, एका बड्या गायकाला म्हणाला, “पट्टी जरा खाली घेऊ या का?” दुसऱ्या दिवशी त्याच्या जागेवर दुसराच बसला होता. मग त्यानं जिभेला कुलूप घातलं.

पुढची वीस वर्षं तो एका नामवंत गायिकेच्या, ताईंच्या, मागे उभा राहून गावोगाव वाजवत आला. यंदाच्या दौऱ्यात मात्र एका गावी ताईंचा सगळ्यात वरचा सूर फाटला. टाळ्या पडल्या, पण सांभाळून घेणाऱ्या. विंगेत आयोजक कुणाला तरी फोनवर सांगत होता, “पुन्हा असं झालं तर उरलेले कार्यक्रम त्या नव्या मुलीला. ताईंचा सत्कार करू आणि मोकळे होऊ.”

तळघरानं बायकोला फोन लावला.

“मग सांग ना त्यांना सरळ, पट्टी उतरवा म्हणून.”

“एकदा एकाला सांगितलं होतं. बोललो तर मी जाणार, नाही बोललो तर त्या जाणार.”

“मग न बोलता काय जमतंय ते बघ. जन्मभर दुसरं काय केलंयस?”

पुढच्या गावी ताई हॉटेलात विश्रांती घेत होत्या, तेव्हा त्यानं आपल्या चारही तारा अर्ध्या सुरानं उतरवल्या. गिटारवाल्याला उतरवायला लावल्या. कीबोर्डवाल्याचं तर एका बटणाचं काम, पण त्याचंच बोट अडलं. “ताईंना कळलं तर?”

“माझं नाव सांग.”

“आणि मी काय उतरवू?” ड्रमरनं विचारलं.

“तुझा आवाज.”

त्या संध्याकाळी तो वरचा सूर पिकलं फळ ओंजळीत पडावं तसा आला. आयोजकानं सुटकेचा निःश्वास टाकला. शेवटचं गाणं तळघराच्या जाड मोकळ्या तारेवर संपायचं. ती विरेपर्यंत ताई डोळे मिटून उभ्या राहत. त्या दिवशी त्यांनी डोळे मध्येच उघडले.

मेकअपच्या खोलीत त्यांनी आरशातूनच विचारलं, “तुझी तार सैल होती?”

“अर्धा सूर. सगळ्यांनीच उतरवल्या. मी सांगितलं म्हणून.”

“मला का नाही विचारलंस?”

“तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“म्हणालेच असते!” हातातला कापूस त्यांनी आरशावर फेकला. “माझ्या गळ्याचा हिशेब तू करणार? तोही माझ्या पाठीमागे?”

“मी पाठीमागेच तर उभा असतो, ताई,” त्याच्या तोंडून निघून गेलं.

“जा तू आता.”

सकाळी सगळ्यांचं सामान बसच्या पोटात गेलं. त्याची बेसही गेली, पण ती पुढच्या गावाला जाणार की परत घरी, हे कोण विचारणार? तो पायरीशी घुटमळत राहिला. ताई आल्या, खिडकीशी बसल्या.

“बेस कुठाय?”

“खाली, सामानात.”

“काढ. आणि इथे शेजारी येऊन बस.”

त्यानं बेस मांडीवर घेतली. ताई त्या गाण्याची वरची ओळ गुणगुणल्या. त्यानं तार छेडली, पण विजेशिवाय ती काय वाजणार? ताईंनी तळहात बेसच्या लाकडावर टेकवला आणि डोळे मिटले.

“अजून जरा खाली,” त्या म्हणाल्या. “आणि यापुढे विचारायचं. मी नाही म्हणाले, तर पुन्हा विचारायचं.”

“बरं.”

इतक्यात ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि लाकडासकट अख्खी बस थरथरायला लागली.

“अहो, बंद करा ती!” ताई ओरडल्या. “आमचा सूर लागतोय इथे.”